फक्की

येळ्ळूरच्या वाटेला, गडाच्या अलीकडं,
बावीस एकर माळ.
हुद्दार साहेब दुर्बिणीला डोळा लावून
हातानंच सांगतात: डावीकडं, अजून, अजून, बस.
सातेरी खुंटी ठोकतो, मी दोरी ताणतो,
मग तळाला भोकं पाडलेला डालड्याचा डबा
हलवत दोरीवरनं चालायचं.
तीस बाय चाळीस. तीस बाय चाळीस.
कोपऱ्यातला असला तर भाव जास्त.

अठरा वर्षं हेच.
अनगोळ, मजगाव, पिरनवाडी, मच्छे.
माझी फक्की एका सरीत धुऊन जाते.
तिच्यावर जे उभं राहतं, ते नाही जात.

नकाशात सगळं आहे,
तीस फुटी रस्ता, बाग, देवळाची जागा, गटार.
एक वाट तेवढी नाही.
करवंदीच्या जाळीतनं निघून ओढ्याला उतरणारी,
वीतभर रुंद,
दोन्हीकडचं गवत वाकलेलं.
साळिंदराची, सातेरी म्हणाला.
त्याला काटा सापडला होता, काळा-पांढरा,
सुताराच्या पेन्सिलीसारखा कानावर खोचून
दिवसभर हिंडला.
मी उगीच ती वाट मोजली.
एकतीस, बत्तीस, चाळीस, एकेचाळीस,
चार प्लॉट तिरके कापते,
कुठल्याच रस्त्याला मिळत नाही.
कमानीवरचं नाव कुठल्या भाषेत लिहायचं
यावर गावात दोन सभा झाल्या.

सत्तेचाळीस नंबरात जेसीबी एकाएकी थांबला.
बसू खाली उतरला, गोकाककडचा पोरगा.
"तत्ती अदाव री."
"काय अदाव?"
"अंडी म्हणतोय, साहेब."
चार. खडीच्या रंगाची, टोकं आतल्या बाजूला.
घरटं म्हणावं तर काही नाही,
चार खडे सारून केलेली जागा.
टिटवी डोक्यावर घिरट्या घालत
आम्हा सगळ्यांवर सारखीच ओरडत होती.

मी डबा उचलला
आणि अंड्यांभोवती गोल काढला.
अठरा वर्षांत पहिला.
नीट नव्हता आला, हाताला सवय नाही.
बसू तीन दिवस त्याला वळसा घालून गेला,
साहेबांनी बघून न बघितल्यासारखं केलं.

चौथ्या दिवशी मला कणबर्गीच्या कामावर धाडलं.

सत्तेचाळीस मोदगेकरांचा.
सुभेदार, सगळी नोकरी बर्फात काढलेले,
पेन्शनीचे पैसे घालून घेतलेली जागा.
रविवारी संध्याकाळी बायकोला घेऊन आले.
टिटवी ओरडत असणारच.
त्यांनी गोल बघितला आणि खूश झाले:
"बघ, पाण्याची खूणसुद्धा करून ठेवलीय."
नारळ फोडला.
रातोरात बोअरची गाडी आली.

मी परत आलो तेव्हा
सत्तेचाळीसभर राखाडी चिखल वाळत होता,
मधोमध लोखंडी पाइप, वर उपडं घमेलं.
चारशे वीस फुटांवर पाणी लागलं म्हणून
त्यांनी कुंदा वाटला.
"तुझ्या हाताला गुण आहे बघ," म्हणाले,
आणि द्रोणात जरा जास्तच घातला.
मी काही बोललो नाही.
खाल्ला.
गोड होता.

बसूनं नाही घेतला. उपास आहे म्हणाला.
सोमवार होता, खरंही असेल.

आता एकतीसमध्ये घर झालंय.
तिथली बाई सांगते, रात्री काहीतरी येतं,
कंपाउंडच्या भिंतीशी उकरतं,
पुढं जात नाही, मागंही जात नाही.
तार लावून घ्या, साहेबांनी सांगितलं.

मी अजून डबा हलवतोच.
पण कुठं अंडी दिसली
तर तळाच्या भोकांवर हात धरतो.
पाच-सहा पावलं रेघ पडत नाही.
साहेब दुर्बिणीतनं ओरडतात,
"अरे, मधीच तुटली कशी?"
फक्की संपली साहेब, म्हणतो,
आणि पांढरा तळवा
विजारीला पुसतो.